बाबांसाठी बटणं

बाबांना झटका आला त्या सकाळी मी एका पॅथॉलॉजी लॅबचं सॉफ्टवेअर बघत होते. रिपोर्टवरचं मराठी नाव प्रिंट काढताना चौकोन होऊन येत होतं. आईने हाक मारली, मी उठून हॉलमध्ये गेले, तर बाबा सोफ्यावर एका बाजूला कलंडलेले. तोंड वाकडं. मी रिक्षा आणली, शेजारच्या काकांनी उचलायला हात लावला. हॉस्पिटलमध्ये सगळं मार्गी लागल्यावर बाकावर बसून मी लॅबवाल्याला फोन केला आणि सांगितलं, फॉन्ट बदला, होईल. झालं.

माझं काम तेच आहे. दुकानात, लॅबमध्ये, छोट्या कारखान्यात एकाच कॉम्प्युटरवर बसवलेले प्रोग्रॅम असतात, ते लिहायचे आणि अडले की दुरुस्त करायचे. बदलापूरला घरी बसून करते. लग्न मोडल्यावर मी आईबाबांकडेच राहायला आले होते.

बाबा घरी आले तेव्हा उजवा हात निकामी होता आणि बोलणं गेलं होतं. समोरचा काय म्हणतो ते सगळं कळायचं, पण तोंडातून एकच शब्द निघायचा. "हे." पाणी हवं असलं तरी हे, पंखा बंद करायचा असला तरी हे. आई त्यांच्याविषयी बोलताना जन्मभर "हे" म्हणत आलेली. ती म्हणाली, "आता आम्ही दोघंही एकमेकांना हेच म्हणणार."

मी हसले नाही आणि रडलेही नाही. नातेवाईक यायचे, डोळे पुसायचे, मी चहा करायचे. आत कुणीतरी मोठा दिवा घालवून ठेवल्यासारखं होतं आणि मला त्याची अडचण होत नव्हती. आई एकदा म्हणाली, "तू जरा रड गं. बरं वाटेल." मी म्हटलं, "बघते."

बाबा अंबरनाथला एमआयडीसीत एका केमिकल कंपनीत शिफ्ट इनचार्ज होते. यंत्रांच्या घरघरीत ओरडायची सवय, त्यामुळे घरातही त्यांना हळू बोलता यायचं नाही. त्या माणसाला उल्हासनगरच्या स्पीच थेरपिस्टने चित्रांचं एक कार्ड दिलं. पेला, ताट, पलंग, संडास. बोट ठेवायचं आणि दाखवायचं. बाबांनी ते एकदा बघितलं आणि डाव्या हाताने लांब फेकलं.

मग मी माझा जुना कॉम्प्युटर त्यांच्या पलंगाशेजारी टेबलावर मांडला आणि दुपारच्या मोकळ्या वेळात एक प्रोग्रॅम लिहायला घेतला. प्रेमाने वगैरे नाही. मला एक काम दिसलं आणि ते करता येण्यासारखं होतं. स्क्रीनवर मोठी बटणं. बटणावर शब्द, शब्दाखाली चित्र. दाबलं की आवाज येणार. आवाज आईचा, कारण घरात तिचा उच्चार सगळ्यात स्वच्छ. मी तिला मोबाइलसमोर बसवून एकेक शब्द बोलायला लावला. पाणी. चहा. पाठ खाजव. टीव्ही लाव. टीव्ही बंद. ती प्रत्येक शब्दाआधी घसा साफ करायची आणि ते खाकरणं मला कापून काढावं लागायचं.

पहिल्या दिवशी बाबांनी डाव्या हातात माऊस धरला आणि "पाणी" दाबलं. आवाज सुरू व्हायला क्षणभर लागला. काहीच होत नाही असं वाटून त्यांनी पुन्हा दाबलं. पुन्हा, पुन्हा. स्क्रीन पांढरी पडली, अडकली. आणि मग एकदम सुटली. "पाणी. पाणी. पाणी. पाणी." आई स्वयंपाकघरातून तांब्या घेऊन धावत आली तरी तिचा आवाज पाणी मागतच होता. बाबांनी माऊस ढकलून दिला.

चूक नवशिक्याची होती. आवाज वाजवायचं काम आणि स्क्रीनवरची खिडकी सांभाळायचं काम मी एकाच थ्रेडवर टाकलं होतं. म्हणजे एकाच माणसाला फोनवर बोलायला लावून त्याच वेळी दारही उघडायला सांगायचं. तो बोलत असेपर्यंत बाहेरचे लोक रांग लावून उभे राहतात, आणि त्याचं झालं की सगळे एकदम आत घुसतात. मी आवाज वेगळ्या थ्रेडवर टाकला आणि तो संपेपर्यंत बटण बंद ठेवलं. पुस्तकात असंच सांगतात.

पण बंद केलेलं बटण करडं दिसतं. बाबांनी "चहा" दाबलं, बटण करडं झालं, आणि ते माझ्याकडे बघून डोकं हलवायला लागले. "हे, हे." त्यांना वाटलं, मोडलं. मी समजावलं, थोडा वेळ थांबा, परत रंग येईल. त्यांना ते आवडलं नाही. दिवसभरात जे काही हाताला येतं ते मधेच मरून पडावं, हे त्यांना नकोच होतं. मग मी रंग तसाच ठेवला आणि दुसरी क्लिक नुसती ऐकून सोडून दिली. बटण जिवंत दिसायचं, करायचं काहीच नाही. ते चाललं.

एकदा त्यांच्या हातून कोपऱ्यातली फुली दाबली गेली आणि सगळं नाहीसं झालं. मी फुलीच काढून टाकली. मग मलाच प्रोग्रॅम बंद करता येईना, तेव्हा त्यासाठी वेगळी किल्ली ठरवली. असे दिवस गेले. एक अडचण आली की मी बसायचे, सोडवायचे, उठायचे. त्या दिवसांतलं बाकीचं फारसं आठवत नाही, पण कुठली अडचण कशी सोडवली ते सगळं आठवतं.

बाबा आईला हाक मारायचे ती "अगं" म्हणून. ते बटण सगळ्यात वर होतं आणि तेच सगळ्यात जास्त दाबलं जायचं. आई वैतागली.

"अगं, मीच मला हाक मारतेय. पोळ्या लाटताना अंगावर काटा येतो."

"मग माझा आवाज घालू?"

"तू मला अगं म्हणणार? काहीतरीच."

बाबांना टाइप करायचा कंटाळा, त्यामुळे झटक्याआधी ते मला व्हॉट्सॲपवर आवाजातच निरोप पाठवायचे. ते सगळे माझ्या मोबाइलमध्ये होते. मी शोधले. एकात ते म्हणत होते, "अगं, येताना कोथिंबीर आण, आणि नीट बघून घे, मागची पिवळी होती." मला म्हणत होते, पण "अगं" तेच. मी तेवढं कापलं, मागचा पंख्याचा आवाज कमी केला आणि त्या बटणाला जोडलं. कुणाला काही सांगितलं नाही. प्रोग्रॅम सुरू करून मी बाजूला बसले.

बाबांनी बटण दाबलं. "अगं!"

स्वयंपाकघरात काहीतरी खाली पडलं. आई पिठाच्या हातांनी दारात येऊन उभी राहिली. ती बाबांच्या तोंडाकडे बघत होती, कॉम्प्युटरकडे नाही. बाबाही आधी इकडेतिकडे बघत राहिले, मग त्यांना कळलं. त्यांनी माऊस सोडला. मान हलवली. "हे," म्हणाले, हळू आवाजात. मग डावा हात हवेत पुसल्यासारखा फिरवला. काढ.

मी काढला. आई संध्याकाळी म्हणाली, "काढून टाकलंस ते?"

"हो."

"बरं."

मी त्या बटणावर दाराच्या बेलचा आवाज घातला. पुढे बेल वाजली की आई कधी दाराकडे जायची, कधी बाबांकडे.

स्पीच थेरपिस्टला हे कळलं. ती म्हणाली, उल्हासनगरातच कॅम्प दोनला एक सिंधी आजी आहेत, त्यांचंही बोलणं गेलंय, त्यांच्याकडेही बसवून द्याल का. मी हो म्हटलं. आजींच्या सुनेने तिच्या मोबाइलवर सिंधीत शब्द बोलून पाठवले. मी सगळं पेन ड्राइव्हमध्ये घेतलं आणि शेअर रिक्षाने गेले. खाली रेडीमेड कपड्यांचं दुकान, वर घर. आजी खिडकीशी खुर्चीत बसलेल्या, केस घट्ट बांधलेले, नजर करडी.

प्रोग्रॅम सुरू झाला. बटणं दिसली. आजींनी दाबलं. काही नाही.

"दीदी, आवाज नहीं आ रहा," सून म्हणाली.

"घर पे तो चल रहा था," मी म्हटलं. प्रोग्रॅम लिहिणारे सगळे हे वाक्य एकदा तरी बोलतात आणि ऐकणाऱ्याला त्याचा काही उपयोग नसतो. कारण साधं होतं. आवाजांचा पत्ता मी माझ्या कॉम्प्युटरवरचा लिहून ठेवला होता, डी ड्राइव्ह, अमुक फोल्डर. या कॉम्प्युटरला डी ड्राइव्हच नव्हता. आणि फाइल सापडली नाही तर गप्प बसायचं, असंही मीच लिहिलं होतं, बाबांना एररची खिडकी दिसू नये म्हणून. त्यामुळे प्रोग्रॅम शोधत होता आणि गप्प बसत होता. मी तिथेच लॅपटॉप उघडला, पत्ता बदलला. प्रोग्रॅम जिथे असेल त्याच्याच शेजारी आवाज शोध. पुन्हा सुरू केलं.

आजींनी दाबलं आणि माझी आई बोलली. "पाणी."

मी घरचं फोल्डर जसंच्या तसं उचलून आणलं होतं, सुनेचे आवाज दुसऱ्याच फोल्डरमध्ये राहिले होते. मी सॉरी म्हणून माऊसकडे हात नेला, पण सून स्वयंपाकघरात जाऊन पाणी घेऊन आलीसुद्धा. सिंधीतही पाणी म्हणजे पाणीच. आजी प्यायल्या. मग त्यांनी बोट स्क्रीनकडे केलं आणि सुनेकडे बघून भुवया उडवल्या. कोण ही बाई?

"इनकी मम्मी हैं," सून म्हणाली.

आजींनी ते बटण आणखी एकदा दाबून ऐकलं. मग मी आवाज बदलले.

बाबांना दुसरा झटका थंडीत आला. या वेळी हॉस्पिटलमधून घरी आणला तो देहच. हॉस्पिटलमध्ये टेबल नव्हतं, बटणं नव्हती. त्यांनी माझं मनगट धरून ठेवलं होतं, आणि पकड सुटली ते मला कळलं, ते मी घड्याळ बघायला हात उचलला तेव्हा. बाकी सगळं रीतीप्रमाणे झालं. तेराव्यानंतर मी कॉम्प्युटर पुसला, गुंडाळून माळ्यावर ठेवला आणि लॅबचं राहिलेलं काम संपवलं. आईला रात्री झोप लागत नव्हती. मला लागत होती.

मग सुनेचा फोन आला. नवा मोठा स्क्रीन आणलाय, त्यावर अक्षरं अर्धी कापली जातायत. मी गेले. विंडोजमध्ये सगळं मोठं दिसावं अशी सेटिंग होती आणि माझ्या बटणांचे आकार ठोकून बसवलेले. अक्षरं वाढली, बटणं वाढली नाहीत. मी ते दुरुस्त करत असताना सुनेने सहज विचारलं, "और बाबूजी कैसे हैं?"

"वो नहीं रहे," मी म्हटलं, आणि एक ओळ खोडून परत लिहिली.

आजींनी खुर्चीच्या हातावर थाप मारली. मला जवळ बोलावत होत्या. एव्हाना त्यांचा एक शब्द परत आला होता, एवढाच एक. त्यांनी माझा हात धरला आणि बोलायला लागल्या. "बस. बस, बस. बस." मधे थांबत होत्या, स्वर वर जात होता, खाली येत होता, मधेच प्रश्न विचारल्यासारखा व्हायचा. बराच वेळ बोलल्या. काय म्हणाल्या ते मला सांगता येणार नाही. मी मान डोलवत राहिले. मग माझ्या लक्षात आलं की माझं नाक वाहतंय आणि आजींच्या ओढणीचं टोक माझ्या गालावर आहे.

सुनेने पापड भाजून आणला, सोबत पाणी. मी खाल्ला. हाताला तेल नव्हतं, तरी बोटं पुसून परत कीबोर्डसमोर बसले. एका बटणावरचं अक्षर अजून खालून कापलं जात होतं.