आक्काच्या अंगात शिरलेलं

काल नात अभ्यास करता करता म्हणाली, "आज्जी, आपल्या एकेका पेशीभोवती दोन तेलकट पदरांचं पटल असतं. पाहिजे ते आत घेतं, नको ते अडवतं. पण तंबाखूतलं निकोटीन त्या तेलातनं सरळ आत शिरतं." आणि माझ्या नाकात निपाणीकडच्या ओल्या, हिरव्या तंबाखूचा वास भरला बघा.

मी तेव्हा परकरात होते. दवानं भिजलेली पानं खुडताना माझी थोरली बहीण, आक्का, घेरी येऊन पडली. तोंड पांढरंफटक, अंगाला गार घाम, ओकाऱ्या थांबेनात. "आत शिरतंय गं, कापडं काढा," असं घोगऱ्या आवाजात म्हणत होती. काकू ओरडली, "ऐकू नका तिचं! धरलेलं भूत बोलतंय. कापडं काढली तर सुटंल आणि दुसरीला धरंल." मी आक्काचं दवानं ओलं झालेलं लुगडं तिच्याभोवती घट्ट आवळून बसले. दुपारी आईनं येऊन ते फेडलं, तिच्यावर घागरभर पाणी ओतलं, तेव्हा कुठं ती वाचली.

काल लगेच आक्काला फोन केला. "आक्का, भूत न्हवतं गं. ओल्या कापडातनं तंबाखूच शिरत होती. तू खरं सांगत होतीस."

ती म्हणाली, "मी कुठं काय बोलले? पडल्यापास्नं मला शुद्धच न्हवती."