निजलेला कढीपत्ता

मामू कुणाच्याही खोलीत शिरले की आधी कुंडीच्या मातीत बोट घालायचे, मग सलाम करायचे. खोलीत कुंडीच नसली तर सलाम लगेच व्हायचा, पण त्यात फारसा जीव नसायचा.

सौदीतल्या हफ्र अल बातिनला आमच्या कंपनीत ते एसी मेकॅनिक होते, मी हजेरी ठेवणारा कारकून. त्यांचं गाव श्रीवर्धनच्या बाजूचं. त्यांना नावाने हाक मारलेली मी ऐकली नाही. केरळचे फोरमनसुद्धा मामूच म्हणत. सौदी म्हटलं की तुमच्या डोळ्यांपुढे ऊन येत असेल. हफ्रची थंडी वेगळी. पहाटे गाडीच्या काचेवर बर्फाचा पापुद्रा धरायचा आणि वारा बंद खिडकीतूनही आत यायचा. त्या दिवसांत एसीचं काम नसे. मामू हीटर दुरुस्त करत हिंडायचे आणि उरलेला वेळ झाडांना द्यायचे.

कॅम्पातल्या त्यांच्या केबिनमध्ये माणसं चार आणि कुंड्या अकरा. मिरची, पुदिना, अळू, आणि कधीच न फुललेला एक सोनटक्का. खिडकी एकच, तीही उत्तरेची. म्हणून झाडांवर दिवसभर ट्यूबलाइट जळत असायची. रात्रपाळीहून आलेला सोबती त्या उजेडाला वैतागला, तेव्हा मामूंनी स्वतःचं ब्लँकेट त्याच्या पलंगापुढे पडद्यासारखं टांगलं आणि आपण जॅकेट घालून झोपू लागले. मी हसलो तर म्हणाले, "मी जॅकेट घालीन. मिरची काय घालील?"

मी त्यांना असाच हसत राहिलो असतो. पण त्या हिवाळ्यात माझी बायको नुकतीच इकडे आली होती. येताना तिच्या वडिलांनी परसातलं कढीपत्त्याचं वीतभर रोप ओल्या फडक्यात गुंडाळून तिच्या बॅगेत ठेवलं होतं. ती आली आणि तीन आठवड्यांत वडील गेले. तिचा इकामा, म्हणजे इथे राहण्याचा परवाना, अजून हातात यायचा होता. त्याशिवाय देशाबाहेर पडता येत नव्हतं. मी ऑफिसांत खेटे घातले, उपयोग झाला नाही. तिला बापाचं तोंड बघता आलं नाही.

ती मला काही बोलली नाही. कुणाशीच बोलेना. आईचा फोन आला तरी 'हं' म्हणून ठेवून द्यायची. पडदे दिवसाही ओढलेले. आणि त्यातच कढीपत्त्याची पानं पिवळी पडून गळायला लागली. ती पाणी घालत राहिली, सकाळ-संध्याकाळ. शेवटी नुसती काडी उरली.

मामू आमच्या घरी हीटर बघायला आले ते त्याच सुमारास. सवयीने त्यांनी मातीत बोट घातलं आणि सलाम करायचं विसरले.

"पाणी कोण घालतं?"

"मी," ती म्हणाली. कित्येक दिवसांत मी ऐकलेला तिचा पहिला धड शब्द. "मेलं ना ते?"

मामूंनी खाली बसून काडीची साल नखाने जराशी खरवडली. "इकडे ये, बाय. काय दिसतं?"

ती वाकली. सालीखाली हिरवी रेघ होती.

"मेलेलं नाय. निजलंय. थंडीत निजतं ते, आणि तू त्याला पाणी पाजून पाजून उठवतेस. हीटरची झळ वेगळी, काचेचा गारठा वेगळा. कसं सोसेल?"

त्यांनी कुंडी काचेपासून दूर नेली, हीटरचं तोंड फिरवलं, पडदा उघडला. "ऊन खोलीत जिथं जाईल तिथं कुंडी न्यायची. माती सुकल्याबिगर पाणी नाय. मी जुम्म्याला येतो."

ते दर शुक्रवारी नमाज आटोपून आले. ती सकाळपासून उन्हाच्या पट्ट्यामागे कुंडी सरकवत असायची. पडदे त्यासाठीच उघडू लागले. आठवड्यांमागून आठवडे काडी तशीच. मला भीती वाटे, ही काडी वाळली तर काय? मी मामूंना तसं बाहेर गाठून विचारलं. "वाळली तर मी सांगेन तिला," ते म्हणाले. "तुम्ही नका सांगू."

मार्चच्या सुरुवातीला मी कामावरून आलो तर ती फोनवर रडत होती, मोठ्याने, आईशी. "आई, तीन कोंब आलेत गं, तीन!" त्या दिवशी माय-लेकी तासभर बोलल्या. बाबांविषयीच.

पुढच्या वर्षी सौदायझेशनच्या, म्हणजे परदेशी माणसांच्या जागी सौदी नेमायच्या, यादीत मामूंची जागा लागली. हफ्रमधलाच एक सौदी मेकॅनिक नेमला गेला, आणि त्याला शिकवायचं काम मामूंकडेच आलं. कॅम्पातली माणसं म्हणाली, "मामू, हातचं राखून शिकवा." मामू चिडले. "उन्हाळ्यात एसी बंद पडला तर तुम्हीच उकडाल ना? मग त्याला अर्धवट शिकवू?" दोन महिने त्याला बरोबर घेऊन ते छपराछपरावर चढले. त्याच्या पोटापाण्याचा त्यांनी कधी राग केला नाही. कुंड्या मात्र वाटून टाकताना प्रत्येकाला पाण्याचं तीन-तीनदा बजावलं.

जायच्या सकाळी दम्मामच्या विमानतळाला जाणारी बस कॅम्पाच्या गेटवर उभी होती. तिथे बायका कधी जात नसत. पण ही म्हणाली, "मला घेऊन चला," आणि एवढ्या पुरुषांमधून सरळ त्यांच्यापर्यंत गेली. पाया पडायला वाकली तर मामू दचकून मागे सरले. "नाय बाय, असं नाय," म्हणत त्यांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला. बसवाला "यल्ला, यल्ला" करून घाई करत होता. हात तिथेच राहिला, बराच वेळ.

वडिलांच्या वेळी मी तिला पोचवू शकलो नव्हतो. त्या सकाळी मात्र आम्ही वेळेवर पोचलो होतो.