आईने स्वतःच्या चित्राला घातलेला हार

माझी आई, सरजाबाई, ताडकळसच्या विहाराचं अंगण झाडते. वय बासष्ट, आणि एखादी गोष्ट डोक्यात घेतली की ती काही केल्या निघत नाही.

दोन वर्षांमागे विहारात मूर्ती बसवायला एक मोठे नावाजलेले शिल्पकार आले. क्रेन यायला उशीर होता. तेवढ्यात त्यांनी आईला ओट्यावर बसवलं आणि कोळशाने तिचा चेहरा काढला. नुसत्या रेघा नाहीत. अंगठ्याने कोळसा दाबून, माती थापावी तसा. डोळे तर असे, की कुणीतरी आत्ताच उठून गेलंय आणि ही बाई दाराकडे बघत राहिलीय.

आईने कागद हातात घेतला आणि माझ्यापुढे धरला. "मनिषा, ही मी न्हाई. ही माही माय हाय."

आजी गेली तेव्हा आई अडीच वर्षांची. आजीचा फोटो नाही. तिला पाहिलेलं जिवंत माणूस एकच, बोरीचा बन्सीधरमामा. माय कशी दिसायची, असं आई त्याला लहानपणापासून विचारायची आणि तो सांगायचा: कपाळ रुंद, नाक शेंड्याला वाकडं, हनुवटीला खळी. चित्रात हे सगळं होतं. मी आरसा आणून तिच्यापुढे धरला.

"लेकीत माय उतरतीच की," आई म्हणाली. घ्या आता!

तिने चित्र मढवून बाबांच्या फोटोशेजारी टांगलं आणि पौर्णिमेला हार घातला. आमच्याकडे हार गेलेल्या माणसाच्या फोटोलाच घालतात. शेजारच्या चांगुणाबाईंनी तो दारातून पाहिला आणि गळाच काढला. तेवढ्यात आई चहा घेऊन बाहेर आली.

लोक हसले, मला मात्र धडकीच भरली. त्यात रोज बघून बघून मलाही ती बाई कधी आई वाटायची, कधी कुणी दुसरीच. शेवटी चित्र लुगड्यात गुंडाळलं आणि आईला घेऊन एसटीने बोरी गाठली.

मामाने चित्र अंगणात उन्हात धरलं.

"माय हाय ना, दादा?"

"मला न्हाई ठावं, सरजे." मामा म्हणाला. "मी सा वर्साचा व्हतो. मलाच तिचं तोंड आठवत न्हाई. तू लय रडायचीस, मंग मी तुह्याच तोंडाकडं बघून सांगायचो."

आईने चित्र परत लुगड्यात गुंडाळलं. येताना चित्र मांडीवर घेऊन खिडकीबाहेर बघत राहिली. माझंच खरं ठरलं होतं आणि मला मेल्याहून मेल्यासारखं झालं होतं.

पुढच्या पौर्णिमेला तिने सवयीने हार ओवला. भिंतीपाशी गेली आणि थांबली. मी पोळ्या लाटत होते. दोन पोळ्या झाल्या तरी ती तिथेच, हातात हार घेऊन.

"मनिषा," ती म्हणाली, "आता ह्यो कुणाला घालू?"