न आलेल्यांचं जेवण

लालबागच्या एका चाळीत तिसऱ्या मजल्यावर सुभद्राकाकीची खाणावळ होती. आणि खाणावळवाली कशी असावी याबद्दल गिरणगावाचं मत पक्कं होतं: अंगानं भरलेली. हिच्या हातचं हिलाच लागत नाही तर आपल्याला काय लागणार, असा कामगाराचा सरळ हिशेब. त्या हिशेबानं काकी म्हणजे खाणावळीची चालतीबोलती पाटी होती. ती जिना उतरायला लागली की वर येणारा माणूस निमूट मागे सरायचा.

आता ती एवढी सुटली कशानं? चमचमीत खाऊन? छे हो! पंगती उठल्या की मगच ती जेवायची. पण रोज दोघंतिघं न सांगता गायब. कुणी ओव्हरटाइमला, कुणी सभेला, कुणी कुठल्या चुलत्याकडे. त्यांच्या वाटणीचा भात, नारळाच्या वाटपाची आमटी, तळलेला बांगडा सगळं तसंच पडायचं. अन्न टाकायला काकीचा हात धजत नसे. मग ती खायची. स्वतःचं जेवायची आणि वर न आलेल्यांचंही जेवायची. नवरा क्षयानं गेला आणि तिनं ही खाणावळ घातली, तेव्हापासून हेच चाललं होतं.

संयुक्त महाराष्ट्राची चळवळ पेटली. लालबागहून फाउंटनकडे मोर्चा निघाला, तशी काकीही पदर खोचून निघाली. मागे राहील ती काकी कसली! पण भायखळ्याला तिच्या गुडघ्यांनी संप पुकारला. धापा टाकत ती फुटपाथवर बसली ती बसलीच. शेवटी पोरांनी तिला कांद्याच्या हातगाडीवर बसवून परत आणलं. तिच्याच खाणावळीत जेवणारा लवू, मालवणकडचा, तोंडाचा भलता फाटका, वाटभर ओरडत होता, "बाजूला व्हा रे, आमची तोफ परत चालली!" रस्ता हसला. काकीही हसली. घरी आल्यावर मात्र दार लोटून ढसाढसा रडली.

दुसऱ्या दिवशी ती परळच्या दवाखान्यात गेली. डॉक्टरीणबाई तरुण होत्या, पण बोलणं रोखठोक. "वजन उतरवा, नाहीतर चालणं विसरा. भात वाटीभर, तळलेलं बंद, गोड बंद, नारळ नावाला. भाजी, उसळ, ताक, नाचणी पोटभर खा."

मालवणी बाईला नारळ सोडायला सांगायचं! काकीनं जिना उतरता उतरता डॉक्टरीणबाईंच्या सात पिढ्यांचा उद्धार केला. पण घरी आल्यावर स्वतःसाठी वेगळं पातेलं काढलं.

पहिल्या दिवशीची बिननारळाची कुळथाची पिठी घशाखाली उतरेना. दुसऱ्या दिवशी तिनं लसूण ठेचून घातला, कोकम वाढवलं, मिरची निखाऱ्यावर भाजून कुस्करली. हात तोच होता, चव येणारच. मग तिला ईर्ष्याच चढली. मोड आलेल्या मुगांवर कांदा आणि लिंबू, ताकातली जिरं लावलेली नाचणीची आंबील, पडवळाची थेंबभर तेलातली भाजी. बांगड्याला तिरफळ-मिरची चोळून तो शेगडीवर नुसता भाजायचा. वास असा सुटायचा की तळलेल्या बांगड्याच्या पंगतीतले लोक माना वळवून बघायचे.

आणि तिनं जाहीर केलं, "यायचं नसेल तर सकाळी सांगा. उरलेलं मी खाणार नाही. नाक्यावरच्या हमालांना देईन." इतकी वर्षं हे आपल्याला का सुचलं नाही म्हणून तिनं स्वतःलाही चार शिव्या घातल्या.

हळूहळू पोलकी सैल झाली. जिना चढताना मध्ये टेकायचं सुटलं. काकी खुशीत होती.

आणि इथेच माशी शिंकली. गिरणगावात कुणी आपणहून बारीक होतं, हे कुणाला ठाऊकच नव्हतं. माणूस वाळला म्हणजे क्षय! कापसाचं तूस छातीत घेऊन वाळत गेलेली माणसं प्रत्येक चाळीनं पाहिली होती. लवूनं जिन्यात विडी ओढता ओढता एक पुडी सोडली, "काकी सुकत चाललीय. काका कशानं गेले, आठवतंय ना?" झालं. एकानं गावी जायचं निमित्त काढलं, दुसऱ्यानं पोट बिघडल्याचं. डॉक्टरीणबाईंनी छाती तपासून साफ असल्याचा निर्वाळा दिला, तरी चाळीला डॉक्टरपेक्षा लवू खरा वाटला. पंगत ओसरत गेली.

शेजारच्या कमलाबाईला तिची खरीच कणव यायची. ती म्हणाली, "सुभद्रे, खा गो चार महिने पोटभर. अंग भरलं की माणसं आपोआप परत येतील. ही खाणावळ बुडाली तर जगशील कशावर?"

खोटं नव्हतं ते. काकीला दुसरा आधार नव्हता.

पुन्हा मोर्चा ठरला. त्या दिवशी काकीनं सगळ्यांचा स्वयंपाक केला; मोर्च्याला जाण्याआधी तरी जेवून जातील म्हणून. ताटं मांडून ती वाट बघत बसली. एक माणूस फिरकला नाही. आज सगळेच न आलेले! भाताची वाफ वर येत होती, आमटीवर नारळाचा तवंग चकाकत होता, आणि काकीला सडकून भूक लागली होती. दारातून कमलाबाई म्हणाली, "बघतेस काय? बस आणि जेव."

काकीनं ताट ओढलं. भात वाढला. वर आमटी घातली. घास उचलला, आणि तिच्या डोक्यात तिडीक गेली. यांचं न खाल्लेलं अंगावर वागवलं तेव्हा मी तोफ झाले. ते उतरवलं तर मी रोगी? आणि आता यांना खूश करायला पुन्हा त्यांचंच खाऊ?

"नाही खाणार!" ती एवढ्यानं ओरडली की कमलाबाई दचकली. घास ताटात टाकून काकी उठली. आपल्या वाटची आंबील घटाघट प्याली. मग भाताचं पातेलं डोक्यावर घेतलं, आमटीचं कमलाबाईच्या हातात दिलं आणि दणादणा जिना उतरली. नाक्यावर बाहेरून आलेली माणसं मोर्च्यासाठी उपाशीपोटी उभी होती. काकीनं पत्रावळी मागवल्या आणि पातेलं खरवडून निघेपर्यंत वाढलं. मोर्चा हलला तेव्हा तिच्या हातात पळी तशीच होती. तीच तिनं उंच धरली.

"मुंबईसह संयुक्त महाराष्ट्र..."

"झालाच पाहिजे!"

काकीचा आवाज चार ओळी पुढे जात होता. भायखळा आला. गुडघे दुखत होते, पण चालत होते. आणि फुटपाथच्या कडेला विडीनं पोखरलेली छाती धरून, खोकत कोण बसलंय? लवू!

काकी थांबली. "काय रे लवू, दमलास?"

"वायच धाप लागली, काकी."

"क्षय तर नाही ना?"

लवूच्या बाजूला बसलेली दोन माणसं टुणकन उठली आणि लांब जाऊन उभी राहिली. लवूचा चेहरा खर्रकन उतरला. "अशी चेष्टा करू नये गो, काकी."

"मी करू नये? मेल्या, तुला टायफॉईड झाला तेव्हा पेज कुणी भरवली? आमच्या यांना क्षय झाला तेव्हा मी त्यांच्या उशाशी बसून जेवले, त्यांचं ताट कोपऱ्यात सरकवलं नाही. मला खरंच झाला असता, तर तू काय केलं असतंस रे? जिना बदलला असतास!"

लवूनं मान खाली घातली. काकीनं पळी कमरेला खोचली, त्याचा दंड धरला आणि एका झटक्यात त्याला उभं केलं.

"काकी," तो हळूच म्हणाला, "रात्री जेवायला येऊ?"

"ये. सगळ्यांना घेऊन ये. यायचं नसेल तर आत्ताच सांग." काकी चालायला लागली होती. "तुझ्या वाटचं आता मी खाणार नाही."