शेठचा आवाज आणि अकोल्याचा पंप

कळंबोलीच्या ट्रक टर्मिनलमध्ये गाड्या भाड्याची वाट बघत उभ्या असतात. एक निघते तोवर मागे दोन येऊन लागतात. आमच्या ऑफिसातल्या किश्श्यांचंही तसंच आहे. एक सांगायला घ्यावा तर मागचा हॉर्न वाजवायला लागतो. मला चारचौघांत बोलायला जमत नाही, म्हणून लिहून काढतोय.

मी दिनेश. नववीत शाळा सोडली आणि पनवेलहून रोज सायकलने धर्माशेठच्या ट्रान्सपोर्ट ऑफिसात जायला लागलो. शेठ इथल्याच गावचे, आगरी. नव्या शहरासाठी सरकारने जमीन घेतली त्या पैशातून त्यांनी आधी एक ट्रक घेतला, मग आणखी घेतले. लोखंडबाजारातून पत्रे आणि सळया उचलायच्या आणि नागपूरकडे पोचवायच्या, हे आमचं मुख्य काम. ऑफिस म्हणजे एक गाळा, एक टेबल, त्यावर काच, काचेवर फोन. तिजोरी नव्हती. शेठचा आवाज हीच तिजोरी. म्हणूनच एका पावसाळ्यात तो आवाज गेला तेव्हा आमची तिजोरीच बंद झाली. पण तो किस्सा शेवटी. त्याआधी त्या आवाजाची किंमत काय होती ते कळायला हवं.

*

मी नवीन होतो तेव्हाची गोष्ट. बबन नावाचा आमचा ड्रायव्हर अकोल्याच्या अलीकडे अडकला होता. टायर फुटला, खिशात पैसे नाहीत. त्याचं बँकेचं कार्ड गावी बायकोकडे. बहुतेक ड्रायव्हरांचं असंच असतं, आणि तेच बरं असं शेठ म्हणायचे.

शेठनी मला चहा सांगायला पाठवलं आणि फोन उचलला. अकोल्याजवळ वानखडे म्हणून एकांचा डिझेल पंप आहे, तिथे लावला. शेठना एक सवय होती. समोरचा फोन उचलून बोलायला लागेपर्यंत बोटातली अंगठी काचेवर वाजवायची. लागोपाठ दोनदा, मग जरा थांबून एकदा. त्या जागी काचेला तडा गेला होता, त्यावर मी चिकटपट्टी लावली होती, तरी आवाज फुटकाच यायचा.

"वानखडेभाऊ, रामराम. पाऊस हाय का तिकडं? बबन येईल. त्याला टायरचं द्या आनि डिझेल भरा."

एवढंच. मी चहा घेऊन परत आलो तोवर बबनचा फोन, "शेठ, पैसे भेटले."

मी घाबरत विचारलं, "शेठ, पैसे गेले कसे?"

"गेले कुठं? तिकडंच होते."

महिनाअखेरीला शेठ बँकेतून वानखडेंचा हिशेब चुकता करायचे. मधल्या काळात कागद नाही, सही नाही. कमिशनही नाही, कारण वानखडेंचं डिझेल खपायचं. आणि सगळ्यात नवलाची गोष्ट अशी की हे दोघं एकमेकांना कधी भेटलेच नव्हते. वानखडेंना आमचं ऑफिस कसं दिसतं ते माहीत नव्हतं आणि शेठना वानखडेंना मिशी आहे का तेही.

*

आमच्या जवळ एका बँकेची नवी शाखा उघडली. तिथले साहेब फार सज्जन. शेठना समजवायला स्वतः ऑफिसात आले. "शेठ, हे सगळं तोंडी चालतं ते धोक्याचं आहे. पैसे बँकेमार्फत पाठवा. पक्कं काम."

शेठनी मान डोलावली. "पाठवू की. आज शनिवार हाय, कधी पोचतील?"

"मंगळवारी नक्की."

"तवर डायवर काय खाईल?"

साहेब हसले. पुढे दिवाळीत साहेब कुटुंबाला घेऊन स्वतःच्या गाडीने नागपूरला निघाले आणि अकोल्याच्या पुढे गाडी बंद पडली. मेकॅनिकला रोख हवी, गावातलं एटीएम बंद, बँका सुट्टीवर. साहेबांनी खूप विचार करून शेठना फोन लावला. शेठनी अंगठी वाजवली, वानखडेंशी बोलले, आणि पंपावरचा माणूस मोटारसायकलवर पैसे घेऊन गाडीपाशी गेला.

परत आल्यावर साहेब पेढे घेऊन आले. पैसे परत केले आणि म्हणाले, "शेठ, तुमचा चार्ज सांगा."

शेठ म्हणाले, "चार्ज हाय. आमच्या दिन्याचं खातं उघडा. तुमच्या काउंटरवर जायला लाजतो तो. दोनदा दारापर्यंत जाऊन परत आलाय."

हे शेठना कसं कळलं ते मला माहीत नाही. पण माझ्या आयुष्यातलं पहिलं पासबुक असं आलं. साहेबांनी मला खुर्ची दिली होती, तेही लक्षात आहे.

*

बबन नकला फार छान करायचा. पोलिसाची, टोलवाल्याची, आणि सगळ्यात भारी शेठची. तो खोकला, तो "हाय का", "नाय का", अगदी हुबेहूब. एकदा त्याने ऑफिसातूनच शेठच्या घरी फोन लावून "जेवायला उशीर होईल" असं सांगितलं. काकूंनी त्याला येताना ओले बोंबील आणायला सांगितले. तीस वर्षांचा संसार, पण त्यांनाही कळलं नाही!

मग बबनची भीड चेपली. अकोल्याला असताना क्लीनरशी पैज लावली आणि पंपासमोरच्या फोन बूथवरून वानखडेंना फोन केला. शेठच्या आवाजात. "वानखडेभाऊ, रामराम. पाऊस हाय का तिकडं? बबनला संत्र्याच्या पेटीचे पैसे द्या."

वानखडे म्हणाले, "बरं शेठजी. जरा थांबा, मीच लावतो तुमाले."

आणि त्यांनी आमच्या ऑफिसात फोन लावला.

बबन परत आला तो खाली मान घालून. शेठनी त्याला सगळ्यांसमोर नक्कल करायला लावली. त्याने केली. शेठनी डोळे मिटून ऐकली आणि म्हणाले, "माझ्यापेक्षा बरा बोलतोस." मग त्यांनी वानखडेंना फोन लावून विचारलं, "भाऊ, माझ्या बायकोला कललं नाय, तुमाला कसं कललं?"

"आवाज तुमचाच होता, शेठजी. पण तुम्ही नव्हते."

"पन कसं?"

"ते काहून सांगू जी? तुम्ही मंग दुसऱ्याले सांगसान."

आम्ही कितीतरी दिवस यावर डोकं खाजवलं. बबनने तर खोकल्यात दोन सुधारणा केल्या. पण पुन्हा फोन लावायची हिंमत केली नाही.

*

शेठचा पुतण्या स्वप्नील कॉम्प्युटर इंजिनियर. राहायला उलव्याला. तिथे तेव्हा इमारती आधी आणि इंटरनेट नंतर अशी परिस्थिती होती, म्हणून तो लॅपटॉप घेऊन आमच्या गाळ्यात यायचा. परदेशातल्या लोकांना वेबसाइट बनवून द्यायचा. त्याच्याइतकं डोकं मी कोणाचं पाहिलेलं नाही. आणि मला कधी "तुला नाही कळणार" म्हणाला नाही.

त्याची कटकट एकच. काम दोन दिवसांत व्हायचं, पण पैसे यायला दोन आठवडे. शिवाय मधल्या प्रत्येक बँकेने त्यातून चिमूटभर काढून घेतलेलं. मग एका गिऱ्हाइकाने त्याला बिटकॉइनमध्ये पैसे देऊ का म्हणून विचारलं. रविवार होता. आम्ही तिघं स्क्रीनकडे बघत बसलो. चहा संपायच्या आत स्वप्नील म्हणाला, "आले. आता पक्के व्हायला थोडा वेळ."

शेठ चष्मा लावून पुढे झाले. "आले असं सांगतंय कोण?"

"जगभरातले कॉम्प्युटर, काका. सगळे तपासतात, सगळ्यांकडे नोंद राहते."

"त्यांना काय परलंय त्याचं?"

"त्यांना थोडी फी मिळते, थोडे नवे कॉइन मिळतात."

शेठ खूश झाले. "म्हंजे वानखडेच की. त्याचं डिझेल खपतं तसं. पन एवढे वानखडे, आनि रविवारीपन उघडे? शाबास रे."

स्वप्नील वाद घालायच्या तयारीने आला होता, त्याची पंचाईत झाली. तेवढ्यात शेठनी विचारलं, "यातला कोन विचारतो का, जेवलास का म्हनून?"

"काका, म्हणून तर फी कमी आहे."

शेठ इतके हसले की खोकला थांबेना. तो खोकला तेव्हाच डॉक्टरांना दाखवायला हवा होता.

*

पुढच्या वर्षी स्वप्नीलने लॅपटॉप नव्यासारखा चालावा म्हणून त्याच्या आतलं सगळं पुसून काढलं. संध्याकाळी त्याचा चेहरा पांढराफटक. बिटकॉइनची चावी म्हणजे एक लांबलचक आकडा असतो, आणि तो त्याच लॅपटॉपमध्ये होता.

गंमत म्हणजे पैसे दिसत होते. स्क्रीनवर स्वच्छ. एक मोटारसायकल येईल एवढे पैसे, पण हात लावता येत नव्हता.

शेठ उठून त्याच्या शेजारी जाऊन बसले. "ज्यांच्याकडं हायत त्यांना फोन लाव. मी बोलतो."

"कोणाकडेच नाहीत, काका. त्याला मालक नाही. ऑफिस नाही."

"मंग तुला वलखनारा कोनच नाय?"

स्वप्नील म्हणाला, "तोच तर त्याचा फायदा होता."

शेठनी एक शब्द सुनावला नाही. मला वडापाव आणायला पाठवलं आणि स्वप्नीलने दोन खाल्ल्याशिवाय उठू दिलं नाही. पुढे त्या कॉइनची किंमत कुठे गेली हे आम्ही त्याच्यासमोर बोलत नाही. तो मात्र आजही कोणाही ड्रायव्हरला बिटकॉइन मन लावून समजावतो, आणि शेवटी सांगतो, "चीज सोन्यासारखी आहे. माणूस माझ्यासारखा नको."

*

आणि मग तो पावसाळा. शेठचा घसा बसला तो सुटेना. पनवेलच्या डॉक्टरांनी आत गाठ आहे म्हणून सांगितलं. ऑपरेशन झालं. गाठ साधी निघाली, पण डॉक्टर म्हणाले, "काही आठवडे अजिबात बोलायचं नाही. आवाज पहिल्यासारखा येईलच असं सांगता येत नाही."

शेठ गळ्याला पट्टी बांधून ऑफिसात येऊन बसले. हातात नातीची पाटी. असाच हिशेब असलेले जवळचे पंपवाले येऊन भेटून गेले, त्यांचं काही अडलं नाही. प्रश्न अकोल्याचा होता. आमचं निम्म्याहून जास्त काम नागपूरच्या रस्त्यावरचं, आणि वानखडे एका आवाजाशिवाय कोणाला ओळखत नव्हते.

स्वप्नील म्हणाला, "काका, सगळ्या पंपांना एक गुप्त कोड देऊ. जो कोड सांगेल तो आपला माणूस."

शेठनी पाटीवर लिहिलं, "विसरला तर?"

स्वप्नीलने लॅपटॉप मिटला.

त्याच रविवारी बबनचा फोन आला. वानखडेंच्या पंपापाशी गिअरबॉक्स गेला होता. गाडीत पत्रे भरलेले, सोमवारी नागपूरला उतरले नाहीत तर ते काम दुसऱ्या ट्रान्सपोर्टकडे जाणार होतं. मेकॅनिक समोर उभा होता आणि रोख मागत होता.

"दिन्या," बबन हळूच म्हणाला, "शेठचा आवाज काढू का?"

"नको!" मी ओरडलोच.

शेठनी फोन माझ्याकडे सरकवला. इतक्या वर्षांत मी त्या फोनवर "शेठ बाहेर गेलेत" याच्यापलीकडे बोललो नव्हतो. नंबर लावला.

"कोण बोलून रायलं?"

"मी दिनेश. धर्माशेठच्या ऑफिसातून. बबनला गिअरबॉक्ससाठी पैसे द्याल का?"

"शेठजीले दे."

"त्यांच्या घशाचं ऑपरेशन झालंय. ते बोलू शकत नाहीत."

"मागं एकदा शेठजी सोता बोलले, तर ते शेठजी नव्हते. आता तू म्हणतं ते बोलतच नाहीत. अन् पैसे मागाले पुन्हा तोच बबन. मी कसं समजू, बापू?"

खरं तेच सांगत होतो, पण ते खरं आहे हे कसं सांगायचं असतं ते मला येत नव्हतं. स्वप्नील कानाशी कुजबुजत होता, शेठ पाटीवर भराभरा लिहून मला दाखवत होते, आणि पाटीवरचं वानखडेंना दिसणार कसं? मी नुसता "अहो भाऊ, अहो भाऊ" करत राहिलो. शेठनी वैतागून पाटी बाजूला टाकली. तोंड उघडलं, डॉक्टर आठवले, मिटलं. आणि काचेवर अंगठी आपटली. लागोपाठ दोनदा, मग जरा थांबून एकदा.

पलीकडे वानखडे बोलता बोलता थांबले.

"शेठजी, रामराम," ते म्हणाले. आवाज एकदम मऊ झाला होता. "तब्येत सांभाळा. जेवण जाते ना? बोलू नका, बोलू नका. पोरा, किती देऊ ते सांग."

शेठनी बोटं दाखवली, मी आकडा सांगितला.

"देतो. अन् त्याहिले म्हणा, दमानं. काच पहिलेच तडकली आहे."