खंडेनवमीला बंद केलेलं मशीन

देवासच्या कारखान्यात पगाराचा कॉम्प्युटर माझ्याकडे होता. खंडेनवमीला अवजारांना विसावा देतात, म्हणून आमच्या वायरमनने हळदकुंकू वाहून त्याचाही मेन स्विच खाली ओढला.

दसऱ्यानंतर मी कमांड देऊन सेटिंग्ज मागवल्या, तर मशीन नवं आलं तेव्हाच्याच पडद्यावर उमटल्या; मी भरलेल्या पुसल्या गेल्या होत्या. वीज नसताना त्या जपणारी आतली बॅटरी आधीच संपलेली होती.

"भिया, साहेबांना काय सांगायचं?" मी वायरमनला विचारलं.

"सच बोलूंगा, ताई. पूजाच तर केली, चोरी थोडीच?"

त्याने खरं सांगितलं. मी बॅटरीचंही सांगितलं. साहेबांनी तरीही त्याला कामावरून काढलं.

दोन दिवस खपून मी सगळ्या सेटिंग्ज पुन्हा भरल्या. दिवाळीचे पगार वेळेवर निघाले, पण त्यांत त्याचा नव्हता.