दांडगट नट आणि बाबांचा हट्ट

आधीच माफी मागतो. आमच्या घरात माझ्याआधी कॉलेजची पायरी कुणी चढलेलं नाही, आणि मी लिहायला बसलोय हॉलिवूडच्या एका जुन्या नटावर. पण प्रकल्पाचा विषय सरांनीच दिला होता आणि शेवटच्या वर्षाचे मार्क त्यावर होते.

हा नट काळ्या-पांढऱ्या सिनेमांतला दांडगट. गुंड, पोलीस, सैनिक, सगळं त्याने केलं. कुणी बोलू लागलं की मान तिरकी करायची, डोळे बारीक करायचे. समीक्षक याला त्याची मग्रुरी म्हणायचे. मग ऐन भरात त्याने काम सोडलं. का, ते कुठेच सापडेना.

कामतघर भागातल्या आमच्या खोलीत मी मोबाइलवर त्याचे सिनेमे लावले, की शिफ्ट संपवून आलेले बाबा शेजारी टेकायचे. इंग्रजीचा एक शब्द कळत नाही, पण मत ठाम.

"ह्याला डाव्या कानानं ऐकायला येत न्हाय."

"बाबा, ती स्टाइल आहे त्याची."

"आँ?"

"स्टाइल!"

"कसली स्टाइल? त्वांडाकडं बघतोय तो समोरच्याच्या. आमच्या कारखान्यात सगळे असंच बघतात."

ते खरं होतं. कापड विणणाऱ्या लूमच्या खडखडाटात कामगार एकमेकांचे ओठ बघूनच बोलतात. पण म्हणून हॉलिवूडचा नटही तसाच? चार दिवस तेच चाललं. मी प्रत्येक वाक्य दोनदा सांगायचं आणि त्यांनी पुन्हा त्या कानावर यायचं. शेवटी मी ओरडलोच, "तुम्हाला काय कळतं त्यातलं? माझे मार्क जातील!"

ते उठून बाहेर जाऊन बसले. मी लिहिलं, गर्वामुळे कारकीर्द संपली, आणि प्रकल्प देऊन टाकला.

महिन्याभराने प्रकल्प परत आला. निष्कर्षावर लाल काट होती. सरांनी नटाच्या मुलीची एक जुनी मुलाखत शोधून सोबत जोडली होती. सेटवर कानाजवळ पिस्तुलं उडून उडून त्याचा डावा कान गेला होता. पुढे उजवाही जाऊ लागला. समोरच्याचे संवाद ऐकू येईनात, आणि ते सांगायची लाज वाटली, म्हणून तो घरी बसला.

घरी आल्याआल्या मी बाबांना सांगितलं.

"आँ?" त्यांनी मान तिरकी केली आणि माझ्या ओठांकडे पाहिलं.

मी उठलो, त्यांच्या उजव्या बाजूला जाऊन बसलो आणि पुन्हा सांगितलं, "त्याला खरंच ऐकू येत नव्हतं, बाबा."

"मंग मी काय सांगत व्हतो?"